बार्बेक्यूचे बेक्ड बीन्स दरवेळी टणकच राहतात? तीन हिवाळे वाया गेल्यावर सापडलेली कारणं

आमच्याकडे गेले तीन हिवाळे एकच प्रॉब्लेम चालू होता. डिसेंबर संपत आला, रात्रीचा पारा 10 च्या खाली गेला की नागपुरात घरोघरी गच्चीवर काही ना काही सुरू होतं, कोणाकडे रोडगे-वांग्याची भाजी, कोणाकडे नुसती शेकोटी, आणि आमच्याकडे बार्बेक्यू, कारण माझे दीर काही वर्षं अमेरिकेत कॅन्सस सिटीला राहून आलेत आणि तिथल्यासारखा झाकणवाला गोल ग्रिल त्यांनी इथे आल्याबरोबर घेतला. चिकन मस्त होतं, पनीर होतं, कणसं होतात, आणि सोबत साइड डिश म्हणून बेक्ड बीन्स करायचं काम माझ्याकडे. गोड, आंबट, तिखट, धुराचा वास असलेले, घट्ट रश्श्यातले बीन्स. रस्सा दरवेळी एक नंबर व्हायचा, लोक बोटं चाटायचे, पण दाणा दाताखाली आला की मधोमध करकर. दोन-दोन तास शिजवूनही करकर. पहिल्या वर्षी वाटलं वेळ कमी पडला, दुसऱ्या वर्षी तीन तास ठेवले, रस्सा आटून बुडाला लागला पण दाणा काही हलला नाही, तिसऱ्या वर्षी महागडा राजमा आणला तरी तेच.

इतक्या लोकांना हाच त्रास होतो हे नंतर कळलं, नणंदेला होतो, समोरच्या काकूंना साध्या राजम्याच्या भाजीतही होतो, म्हणून जे सापडलं ते सगळं इथे लिहून ठेवते. सरळ रेसिपी हवी असेल तर ती खाली आहे, पण आधी कारण समजून घ्या, कारण तुमच्याकडचं कारण माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं आणि मग माझी रेसिपी जशीच्या तशी करूनही दाणा टणकच राहील.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, भिजवून सकाळी उठल्यावर दाण्यांकडे नीट पाहा. दोन प्रकारचा टणकपणा असतो आणि दोघांचा इलाज वेगळा आहे. एक म्हणजे दाणा भिजतच नाही, रात्रभर पाण्यात राहूनही तेवढाच बारीक, तेवढाच चकचकीत, नखाने दाबला तर खडा. यालाच आपण गांगडू म्हणतो. मटकीत, मुगात दोन-चार निघतात तसे. याची सालच पाणी आत घेत नाही, त्यामुळे आत काही शिजायचा प्रश्नच येत नाही. मूठभर निघाले तर वेचून फेका, अर्धे गांगडू निघाले तर तो माल सोडून द्या. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी परात पुढे ओढली, दोन मिनिटं दाणे चाळवले आणि म्हणाल्या, "हे पाय व, गांगडू एकही नाही, सगळे मस्त फुगले आहेत, मंग शिजत काहून नाहीत?"

हाच दुसरा प्रकार, आणि आमचा तोच होता. दाणा भिजतो, दुप्पट होतो, छान टपोरा दिसतो, पण शिजत नाही. पाणी आत गेलंय तरी मऊ होत नाही. याची कारणं तीन-चार आहेत आणि आमच्या दुर्दैवाने आमच्याकडे सगळी एकाच वेळी जमा झाली होती.

थोडं विज्ञान सांगते, कंटाळू नका, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. राजम्याचा दाणा म्हणजे बारीक बारीक पेशी, आणि त्या एकमेकींना चिकटून राहतात ते पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे, तेच पेक्टिन ज्याच्यामुळे पेरूची जेली घट्ट होते. दाणा शिजतो म्हणजे हे पेक्टिन गरम पाण्यात विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा जिभेवर विरतो. आता हे विरघळणं अडवणारे दोन मोठे शत्रू आहेत, एक आंबटपणा आणि दुसरं कॅल्शियम. आंबट पाण्यात पेक्टिन विरघळायला मागत नाही. कॅल्शियम असेल तर ते पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी घट्ट बांधून टाकतं. आणि तिसरी साखर, ती भरपूर असली की दाण्याला पाणी ओढून घेणं जड जातं.

आता बेक्ड बीन्सच्या मसाल्यात काय काय असतं पाहा. टोमॅटो आंबट. केचअप आंबट आणि गोड. व्हिनेगर आंबट. गूळ गोड. तिकडे मोलॅसिस घालतात, म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर जी काळी मळी उरते तिचा खाण्याचा प्रकार, त्यात साखरही आहे, थोडा आंबटपणाही आहे आणि कॅल्शियमही भरपूर आहे. म्हणजे दाणा टणक ठेवायला जे जे लागतं ते सगळं या एका भांड्यात आपण स्वतःच्या हाताने घालतो!

मग तिकडच्या लोकांचे बीन्स कसे मऊ होतात हा प्रश्न मला पण पडला. उत्तर सोपं निघालं. बोस्टनकडची जुनी पद्धत आहे ती मातीच्या भांड्यातली, बारीक पांढरे नेव्ही बीन्स, मोलॅसिस, मोहरी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून सहा-सात तास मंद आचेवर. पण ते दाणे भांड्यात जायच्या आधी साध्या पाण्यात उकळून घेतलेले असतात. तिथे मोलॅसिसचा उलट फायदा होतो, इतके तास भट्टीत राहूनही दाण्याचा लगदा होत नाही, आकार टिकतो. आणि आजकाल बार्बेक्यूसाठी घरोघरी जी रेसिपी करतात ना, त्यातल्या बहुतेक रेसिप्या सुरूच होतात "दोन डबे बीन्स घ्या" इथून. डबा! डब्यातले बीन्स पूर्ण शिजलेले असतात. आम्ही काय करत होतो, डबा महाग म्हणून त्याच्या जागी रात्रभर भिजवलेला राजमा, कुकरला फक्त दोन शिट्ट्या काढून, "बाकीचा ग्रिलवर शिजेल" म्हणून सरळ टोमॅटो-गुळाच्या रश्श्यात टाकत होतो. तिथेच गाडी अडली. आंबट-गोड रश्श्यात गेल्यावर तो दाणा जिथे होता तिथेच थांबतो, दोन तास ठेवा नाहीतर चार तास ठेवा.

तर पहिला नियम, आणि हा एकच लक्षात ठेवला तरी अर्धा प्रॉब्लेम सुटतो: रश्श्यात जायच्या आधी दाणा पूर्ण शिजलेला पाहिजे. पंचाहत्तर टक्के नाही, नव्वद टक्के नाही, पूर्ण. ग्रिलवर दाणा शिजत नाही, ग्रिलवर फक्त चव मुरते.

मला वाटलं झालं, सापडलं कारण. तिसऱ्या वर्षी पार्टीच्या आधी ट्रायल म्हणून साध्या पाण्यात, काहीही आंबट न घालता कुकरला लावला, सहा शिट्ट्या. उघडून पाहिलं तर अजूनही मधात कडक. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले.

आम्ही मानेवाड्याच्या पलीकडे राहतो, आमच्या ले-आउटमध्ये तेव्हा वापरायला आणि स्वयंपाकालाही बोअरचंच पाणी, प्यायला तेवढं आरओचं. नागपुरात ज्यांच्याकडे पेंच किंवा कन्हानचं नळाचं पाणी येतं त्यांना हा त्रास एवढा जाणवत नसेल, पण बोअरवाल्यांना माहीत आहे, बादलीत पांढरा थर, गिझरची कॉइल दोन वर्षांत चुन्याने माखलेली, साबणाला फेस नाही. तो पांढरा थर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कडकपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा राजम्यासाठी जड असू शकतं. प्यायला चालणं वेगळं आणि डाळ शिजणं वेगळं. जुन्या बायका म्हणायच्या ना, अमक्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात काहीही अंधश्रद्धा नव्हती.

मग एका रविवारी मी सरळ परीक्षाच घेतली. कुकरमध्ये एकावर एक डबे बसतात ना, त्यात चार वाट्या लावल्या, प्रत्येकीत त्याच पिशवीतले मोजून 20 दाणे, रात्रभर भिजवलेले. एकीत आरओचं पाणी. दुसरीत बोअरचं. तिसरीत आरओचं पाणी पण त्यात टोमॅटो आणि गूळ. चौथीत बोअरचं पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा. एकच कुकर, एकच आच, तेवढ्याच शिट्ट्या. म्हणजे फरक पडला तर तो पाण्याचा किंवा आंबटाचा, दुसऱ्या कशाचा नाही. उघडल्यावर आरओवाला बऱ्यापैकी मऊ पण साल चिवट, बोअरवाला मधात कडक, टोमॅटो-गूळवाला तर जवळपास जसा टाकला तसा, आणि सोड्याचा सगळ्यात मऊ, बोटाने दाबला की चपटा. एवढं स्वच्छ उत्तर मला वाटलं नव्हतं मिळेल. तुम्हीही करा, एक तासाचं काम आहे आणि तुमच्या घरचं कारण तुम्हाला नक्की कळेल.

पण एक गोष्ट तरी खटकत होती. आरओच्या पाण्यातलाही दाणा "बऱ्यापैकी" मऊ होता, लोण्यासारखा नाही. म्हणजे अजून काहीतरी होतं. ते सासूबाईंनी पकडलं. त्या म्हणाल्या हा राजमा कधीचा आहे? मी म्हटलं महागातला आहे, चांगल्या दुकानातला आहे. त्या म्हणाल्या महाग विचारला नाही, कधीचा विचारला. आणि खरंच, मार्चमध्ये वर्षभराचं धान्य भरलं तेव्हा पाच किलो राजमा घेतला होता आणि तो गच्चीला लागून असलेल्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात, पूर्ण उन्हाळा पडून होता. नागपूरचा उन्हाळा! बाहेर 45, त्या खोलीत दुपारी हात लावला तर डबा चटका देतो. त्याच्यावर जुलै-ऑगस्टची दमट हवा.

नंतर वाचून समजलं की हेच सगळ्यात वाईट कारण आहे. कडधान्य खूप गरम आणि दमट जागी महिनोन्‌महिने राहिलं की त्याला हा "भिजतो पण शिजत नाही" रोग लागतो. त्याचं एक मुख्य स्पष्टीकरण असं की दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो जो कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतो, उष्णतेत आणि ओलाव्यात तो हळूहळू तुटतो, मोकळं झालेलं कॅल्शियम पेक्टिनकडे जातं आणि त्याला आतूनच बांधून टाकतं. म्हणजे बाहेरचं पाणी कितीही चांगलं असलं तरी कडकपणा दाण्याच्या पोटात तयार होऊन बसलेला असतो. आणि हा परत फिरत नाही, एकदा झाला की झाला. म्हणून नागपुरात, चंद्रपुरात, अकोल्यात, जिथे उन्हाळा असा भाजून काढतो तिथे राजमा, चणा, वाटाणा वर्षाचा भरायचाच नाही असं आता माझं ठाम मत आहे. तूर डाळीचं ठीक आहे, साल काढलेली आहे, भरडलेली आहे. अख्खं कडधान्य लागेल तसं दोन-तीन महिन्यांचं आणा, किंवा भरायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, आणि जागा असेल तर मे-जून फ्रिजमध्ये.

विकत घेताना ओळखायचं कसं, तर जुना दाणा निस्तेज दिसतो, रंग काळपटलेला असतो, चित्रा राजम्याच्या ठिपक्यांमागचा फिका रंग तपकिरी झालेला असतो, साल सुरकुतलेली, भरपूर तुटके दाणे. इतवारीच्या किराणा ओळीत गेलात तर सरळ विचारा नवा माल कोणता, ठोक वाले लोक सांगतात, त्यांनाही गिऱ्हाईक परत यायला हवं असतं. हिवाळ्यात नवा माल मिळतो हा आपल्यासाठी फायदाच आहे, बार्बेक्यूचा सीझनही तोच. बारीक पांढरा राजमा मिळाला तर सगळ्यात उत्तम, नेव्ही बीन्सच्या जवळचा तोच. नाही मिळाला तर चित्रा. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा कोणी आणून दिला तर तोही याच जातीचा आणि चवीला फार छान. मोठा लाल काश्मिरी-जम्मूचा राजमा बेक्ड बीन्सला मला आवडत नाही, साल जाड, रस्सा आत मुरत नाही. काही जण आपली बरबटी म्हणजे चवळी वापरतात, ती लवकर शिजते हे खरं पण ग्रिलवर तासभर राहिली की तिचं पिठलं होतं, त्यापेक्षा बरबटीचे वडे करा.

आता इथे एक धोक्याची गोष्ट, ही गंमतीत घेऊ नका. राजम्यात, खासकरून लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विष असतं. पूर्ण शिजलं की ते नष्ट होतं, पण अर्धकच्चा राजमा चार-पाच दाणे जरी पोटात गेले तरी दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. मंद आचेवर, म्हणजे पाणी नीट उकळतच नाही अशा आचेवर, ते नष्ट होत नाही, उलट तसा कोमट-गरम शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून भिजवलेला कच्चा राजमा मडक्यात घालून ग्रिलच्या कडेला तीन तास ठेवू, मस्त धुरात शिजेल, असा विचार कोणी करत असेल तर प्लीज करू नका, स्लो कुकरमध्येही करू नका. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, आणि कुकरला लावा नाहीतर उघड्या भांड्यात खळखळ उकळी अर्धा तास तरी येऊ द्या, मग पुढचं काय ते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी दोन पाहुण्यांना रात्री त्रास झाला होता आणि आम्ही चिकनला दोष दिला, आता मला खात्रीने वाटतं ते बीन्सच होते, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर आता जे मी करते ते. 12-15 लोकांना साइड डिश म्हणून अर्धा किलो कोरडा राजमा पुरतो. आदल्या रात्री 2 लिटर आरओच्या पाण्यात मीठ विरघळवून त्यात भिजवायचा, लिटरला एक सपाट मोठा चमचा, साधारण 15 ग्रॅम. हो, मिठाच्या पाण्यात. मिठाने कडधान्य कडक होतं असं आपण सगळ्यांनी ऐकलंय, मी पण तेच मानत होते, पण उलट आहे, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ होते, फुटतही कमी. 10-12 तास. हिवाळ्यात बाहेर चालतं, उन्हाळ्यात करत असाल तर फ्रिजमध्येच, नाहीतर सकाळी फेस येऊन आंबूस वास येतो. सकाळी ते पाणी फेकायचं, दाणे दोनदा धुवायचे.

कुकरमध्ये दाण्यांच्या वर दोन बोटं आरओचं पाणी, अर्धा कांदा, एक तेजपान, छोटा चमचा मीठ. आरओ नसेल तर बोअरचं पाणी आधी खळखळ उकळून थंड करा, पांढरा थर खाली बसतो तो हलू न देता वरचं पाणी घ्या, कडकपणाचा काही भाग तरी निघून जातो, सगळा नाही जात. आणि राजमा जुना असल्याची शंका असेल तर पाव छोटा चमचा खायचा सोडा, अर्ध्या किलोला एवढाच. जास्त घातला की साबणासारखी चव येते, दाणा विरघळून जातो आणि बी-1 जीवनसत्त्वही जातं. नवा राजमा आणि चांगलं पाणी असेल तर सोडा अजिबात नको.

तीन शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून 12-15 मिनिटं, आणि कुकर आपोआप उतरू द्यायचा. शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि साली फुटतात. उघडल्यावर पाच दाणे घ्या, एकच घेऊ नका, वेगवेगळ्या जागचे पाच, आणि जिभेने टाळूवर दाबा, दात लावायचा नाही. पाचही दाबले गेले तर झालं. एक जरी अडला तर परत झाकण लावा आणि परत दहा मिनिटं. इथे घाई केली की पुढे काहीच करता येत नाही. शिजवलेलं पाणी फेकू नका, रश्श्याला तेच लागतं.

रस्सा वेगळा करायचा. दोन मोठे कांदे तेलात चांगले लाल, आठ-दहा लसूण पाकळ्या, भिवापुरी मिरचीचं तिखट दोन छोटे चमचे (भिवापुरी झणझणीत असते, मुलं असतील तर एकच), दोन छोटे चमचे मोहरीची पूड थोड्या पाण्यात कालवून, पाऊण वाटी टोमॅटो प्युरी, अर्धी वाटी केचअप, 70-80 ग्रॅम गूळ. मोलॅसिसची ती किंचित कडवट काळी चव हवी असेल तर दोन चमचे काकवी घाला, अगदी तशी नाही येत पण खोली येते. हे सगळं तेल सुटेपर्यंत परता, मग शिजलेले दाणे आणि त्यांचं दीड वाटी पाणी. व्हिनेगर एक मोठा चमचा, पण ते शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातलं तर त्याचा ताजेपणा उडून जातो.

संत्र्याचं पण सांगते, कारण नागपुरात बसून कोणालाही हे सुचणारच, मलाही सुचलं होतं. संत्र्याचा रस आधी घालून तासभर आटवला तर रस्सा कडू होतो. आपल्या संत्र्याच्या रसात लिमोनिन तयार होतं, रस नुसता ठेवला तरी हळूहळू कडवट होतो आणि गरम केला तर लवकर. त्यामुळे रस नकोच, ग्रिलवरून उतरवल्यावर वरून थोडी किसलेली साल, फक्त नारिंगी भाग, पांढरा नाही. सुंदर वास येतो.

भांडं कोणतं, तर मातीची हंडी किंवा जाड बुडाचं स्टील. ॲल्युमिनियम नको, लोखंडी कढई पण नको, आंबट रस्सा तासभर लोखंडात राहिला की काळा पडतो आणि धातूची चव येते. हंडी नवी असेल तर रात्रभर पाण्यात ठेवून मग वापरा आणि एकदम निखाऱ्यावर ठेवू नका, तडकते.

ग्रिलमध्ये निखारे एका बाजूला आणि हंडी दुसऱ्या बाजूला, ग्रिलचं झाकण बंद, हंडीचं झाकण उघडं, म्हणजे धूर आत उतरतो. आतलं तापमान 150-160 अंश सेल्सिअसच्या आसपास. तासभर पुरतो, दर वीस मिनिटांनी बुडापासून अलगद हलवायचं. ग्रिलचं झाकण नसेल, नुसती शेगडी असेल, तर गॅसवर जाड तव्यावर हंडी ठेवून तासभर मंद मुरवा आणि शेवटी धुंगारी द्या, वाटीत लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, झाकण पाच मिनिटं. कोळसा लाकडाचाच. आपल्याकडे उमरेड, सावनेरच्या खाणींमुळे दगडी कोळसा सहज मिळतो आणि स्वस्तही, पण त्यावर अन्न भाजायचं नाही, गंधकाचा वास बसतो आणि तो धूर पोटात जायच्या लायकीचा नाही.

कॅन्सस सिटीकडे हंडी मांसाच्या खाली ठेवतात, वरून चरबी टपकते ती बीन्समध्ये. दिरांना तसंच पाहिजे असतं. आमच्याकडे शाकाहारी मंडळी अर्धी, म्हणून आम्ही दोन हंड्या करतो, एक चिकनखाली आणि एक वेगळी, आणि चमचेही वेगळे. वेळ थोडा जास्त लागतो पण सासूबाई निवांत जेवतात. चिकनखालची हंडी असेल तर एक लक्ष ठेवा, कच्च्या चिकनचं पाणी टपकलेलं असतं, म्हणून चिकन उतरवल्यावर हंडीला परत खळखळ उकळी आणायची, मगच वाढायची.

बाकीचे छोटे प्रॉब्लेम. पातळ राहतो अशी तक्रार असते, तर ग्रिलवरून उतरवताना तो थोडा पातळच दिसला पाहिजे, थंड होता होता दाण्यातल्या स्टार्चने घट्ट होतो, तिथेच घट्ट केला तर ताटात जाईपर्यंत त्याची वडी होते. तरीही पातळ वाटला तर दोन मोठे चमचे दाणे चेचून त्यातच ढवळा, कॉर्नफ्लोअर नको. बुडाला लागतो, तर गूळ तळाशी बसतो म्हणून, हलवत राहा. खूप गोड झाला तर मोहरी आणि व्हिनेगर वाढवा, मीठ नाही. आदल्या दिवशी दाणे शिजवून त्यांच्याच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवले तर चालतं का, तर चालतं, जास्त चांगलं होतं, आणि पार्टीच्या दिवशीची धावपळ वाचते.

शेवटचा प्रश्न जो मला सगळ्यात जास्त विचारतात, की पार्टी चालू आहे, पाहुणे वर आलेत, हंडी उघडली आणि दाणा कडक, आता काय? माझ्या नणंदेचा या जानेवारीत असाच फोन आला, रात्री साडेआठ वाजता. तिला जे सांगितलं ते असं. रस्सा फेकू नको. मोठी चाळणी घे, दाणे निथळून काढ, रस्सा बाजूला झाक. दाणे गरम पाण्याने दोनदा धू, आंबट आणि गोड निघून गेलं पाहिजे. प्यायच्या पाण्यात पाव चमचा सोडा घालून कुकरला लाव, तीन शिट्ट्या, मग बारीक आच दहा मिनिटं. उतरल्यावर टाळूवर दाबून पाहा. झाले असतील तर पाणी फेकून रश्श्यात परत घाल आणि वीस मिनिटं मुरू दे. तिचा परत फोन आला तेव्हा पावणेदहा झाले होते, मागे गच्चीवर गलका ऐकू येत होता, आणि ती म्हणाली, "वहिनी, दबले, पाचही दबले."